परदेशी पाठवावयाचा पैसा आणि त्यावरील बट्टा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेवगाव हा कापसाचा व उसाचा तालुका. येथील एखाद्या शेतकऱ्याची मुलगी शिक्षणासाठी विलायतेस निघाली, म्हणजे शुल्क व राहण्याचा खर्च मिळून वीस लाख रुपयांची जुळवाजुळव करावी लागते. त्यासाठी कोणी दागिने मोडतो, कोणी जमीन तारण ठेवतो. असा पैसा वाटेत झिजू नये, ही चिंता साहजिक होय. परंतु तो नेमका कोठे झिजतो हे ध्यानात न आल्याने पुष्कळ जण भलत्याच ठिकाणी काटकसर करतात.

सर्वसाधारण समज असा की, बँकेचे शुल्क हाच पाठवणीचा खर्च. वस्तुतः मोठा खर्च चलनाच्या भावात दडलेला असतो. बँका आपसांत ज्या भावाने पौंड घेतात-देतात, त्यावर काही चढवून त्या ग्राहकास भाव सांगतात. नाणी बदलून देताना सराफ बट्टा घेत, त्यातलाच हा प्रकार. मात्र पावतीवर तो निराळा दिसत नाही.

भावातील लहानशा फरकाचे वजन केवढे, हे जुन्या इतिहासावरूनही दिसते. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपयाचा भाव 1 शिलिंग 4 पेन्स होता. 1927 च्या चलन कायद्याने तो 1 शिलिंग 6 पेन्स ठरला. पहिल्या भावाने शंभर पौंडांस 1,500 रुपये पडत, दुसऱ्याने सुमारे 1,333. अवघ्या दोन पेन्सांचा हा परिणाम.

आजचा हिशेबही तसाच. सोयीसाठी पौंडाचा मधला भाव 100 रुपये धरू. वीस हजार पौंड पाठविण्यास एक बँक 500 रुपये शुल्क सांगते, पण भाव 102.50 लावते; दुसरी शुल्क 1,500 घेते व भाव 100.75 देते. पहिलीकडे एकूण 20,50,500 रुपये जातात, दुसरीकडे 20,16,500. स्वस्त शुल्काची बँक 34,000 रुपयांनी महाग पडली! म्हणून एकाच दिवशी, एकाच वेळी दोन-तीन अधिकृत ठिकाणचे भाव विचारावेत. फलकावरचा भाव अंतिम नसतो. मोठ्या रकमेस घासाघीस करता येते.

चलन बदलण्यावर वस्तू व सेवा कर लागतो. वीस लाख एकदम पाठविल्यास तो 1,170 रुपये होतो. पाच-पाच लाखांचे चार हप्ते केल्यास 2,160. शिवाय शुल्कही चार वेळा द्यावे लागते. तेव्हा गरज नसता तुकडे करू नयेत.

रिझर्व्ह बँकेच्या 2004 सालच्या उदारीकृत योजनेखाली प्रत्येक व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या पाठवणीवर उगमाशी कर वसूल होत नाही. त्यापुढील रकमेवर हेतूनुसार तो घेतला जातो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेस हा कर नाही. घेतलेला कर बुडत नाही. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो वळता होतो. तथापि तोवर तेवढी रोकड अडकते, याची तजवीज आधी असावी.

मार्गातील मध्यस्थ बँकाही कधी आपला खर्च रकमेतून कापतात. विद्यापीठास काही पौंड कमी पोहोचले, तर शुल्क अपुरे भरले असे ठरते. यास्तव सर्व खर्च पाठविणाऱ्याकडे राहील, असे अर्जात नमूद करावे. परकीय चलनाचा व्यवहार प्रत्येक शाखेत होत नाही. गावच्या शाखेतून कागद पुढे जाण्यास दिवस लागतात. शुल्काची मुदत तोंडावर आली, की मिळेल तो भाव पत्करावा लागतो.

हवालाचा मार्ग कोणी स्वस्त म्हणून सुचविला, तर त्याची खरी किंमत जाणावी. 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यान्वये अशा रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि पैसा पोहोचला नाही तर दाद मागण्यास पावतीही नसते.

सारांश, शेतकऱ्याने बँकेत विचारावयाचा प्रश्न एकच: खात्यातून एकूण किती रुपये जाणार, आणि तिकडे पुरे किती पौंड जमा होणार? या दोन आकड्यांचे उत्तर लेखी मिळाले, म्हणजे बट्टा कोठेही लपला तरी सापडतो.