हिपॅटायटिस सी : चिकित्साकाल आणि पुनरुद्भव

थकवा ओसरला, रक्तातील एसजीपीटी उतरले, की जुनाट हिपॅटायटिस सीचा रुग्ण आपल्याकडे येऊन ‘आता त्या गोळ्या थांबवून केवळ यकृताचे काढे घेऊ का’ असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर आम्ही निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे देतो.

चौथ्या आठवड्यास बहुतेकांच्या रक्तात विषाणू सापडत नाही. तथापि यकृतात तो शेष असू शकतो आणि औषध अकाली थांबल्यास व्याधी परततो. चरकसंहितेतील पुनरावर्तक ज्वराचा विचार जाणणाऱ्या वैद्यास हे नवे नाही.

मात्र काळ वाढविल्याने लाभ होतोच, असेही नाही. हाडझियानिस आदींच्या २००४ च्या अभ्यासात पेगइंटरफेरॉन व पूर्ण मात्रेतील रिबाविरिन घेणाऱ्या जनुकप्रकार १ च्या रुग्णांपैकी २४ आठवड्यांनी ४२ टक्के, तर ४८ आठवड्यांनी ५२ टक्के विषाणुमुक्त झाले. प्रकार २ व ३ मध्ये हेच प्रमाण ८१ व ८० होते. दुप्पट काळ ती इंजेक्शने सोसून पदरी काहीच पडले नाही. भारतात प्रकार ३ चेच रुग्ण अधिक आहेत.

२०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली आणि हा काळ आटला. त्यासोबत लेडिपासविर घेणाऱ्या, सिरोसिस नसलेल्या प्रकार १ च्या रुग्णांच्या २०१४ च्या अभ्यासात ८ आठवड्यांच्या गटात २१५ पैकी ११ जणांत, १२ आठवड्यांच्या गटात २१६ पैकी ३ जणांतच व्याधी उलटला. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने सामान्यतः १२ आठवडेच धरले आहेत. जलोदरापर्यंत गेलेल्या सिरोसिसमध्ये सोफोसबुविर-वेल्पाटासविरला रिबाविरिनची जोड देतात. ते सोसत नसल्यास काळ २४ आठवडे होतो.

औषधालय-चालकांनी एक हिशेब ध्यानी ठेवावा. २८ गोळ्यांच्या ३ बाटल्या म्हणजे ८४ दिवस; तिसरी बाटली न्यावयास रुग्ण आला नाही, तर चौकशी करावी. वेल्पाटासविरचे शोषण आम्लशामकांनी घटते, म्हणून त्यांत ४ तासांचे अंतर सांगितले आहे. शंखभस्म, प्रवाळभस्म देतानाही तेच पाळावे, असे आमचे मत आहे.

अखेरच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी करून घ्यावी. अँटिबॉडी बरे झाल्यावरही आढळत राहते. तिच्यावरून निदान करू नये.