चकतीचा ब्रेक आणि घरची दुरुस्ती

झाशी म्हटले की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला आठवतो. या शहराची आणखी एक ओळख आहे. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन मोठे महामार्ग झाशीपाशी एकमेकांना छेदतात. साहजिकच येथील मोटारसायकलस्वाराला अवजड ट्रकांच्या शेजारून वाट काढावी लागते. त्यात बुंदेलखंडाची धूळ आणि उन्हाळ्याचा कडाका! अशा ठिकाणी ब्रेकचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

इंग्रज अभियंता लँचेस्टर याने १९०२ मध्ये चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. आज तो सामान्य मोटारसायकलींनाही असतो. त्याची रचना सोपी आहे. चाकाबरोबर पोलादी चकती फिरते. तिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी वेढून असतो. हँडलवरील लिव्हर दाबली की नळीतील ब्रेक ऑइलवर दाब येतो. हा दाब कॅलिपरमधील दट्ट्यास पुढे ढकलतो व दोन पॅड चकतीला आवळून धरतात. चकती उघडी असल्याने ती लवकर थंड होते आणि पावसाचे पाणीही झटकून टाकते.

पॅड घर्षणाने झिजतात. ते झिजण्यासाठीच असतात. पॅडवरील खाच दिसेनाशी झाली, की ते बदलावेत. तसेच चालवत राहिल्यास पॅडमागील लोखंडी पत्रा चकतीला खरवडू लागतो. मग थोडक्या पैशांच्या पॅडबरोबर महागडी चकतीही जाते. चकती किमान किती जाडीची असावी, हे बहुधा तिच्यावरच कोरलेले असते.

पॅड बदलण्याचे काम घरी करता येते. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. कॅलिपरचे बोल्ट सोडवून तो चकतीवरून काढावा, पण नळीला लोंबकळू देऊ नये. पॅडची धूळ फुंकू नये. ती फुप्फुसांना अपायकारक असते. ओल्या फडक्याने पुसणे बरे. दोन्ही पॅड एकाच वेळी बदलावेत. त्यांना किंवा चकतीला ग्रीसचा अथवा तेलकट बोटाचा स्पर्श होऊ देऊ नये.

नवे पॅड जाड असतात. ते बसावेत म्हणून दट्ट्या हळूहळू मागे सारावा लागतो. त्यामुळे ब्रेक ऑइल वरच्या डबीत परतते. ते सांडल्यास रंग खराब होतो, म्हणून डबीवर लक्ष ठेवावे. बोल्ट पुन्हा नीट आवळले म्हणजे काम संपले, असे अनेकांना वाटते. खरा धोका येथेच दडलेला असतो. मागे सारलेला दट्ट्या अजून पॅडपासून दूर आहे. या स्थितीत लिव्हर दाबली, तर ती हँडलला जाऊन टेकते आणि चाक मात्र फिरतच राहते. याकरिता गाडी जागची हलवण्यापूर्वी लिव्हर पुनःपुन्हा दाबावी. दर दाबाला दट्ट्या थोडा पुढे येतो आणि शेवटी लिव्हर टणक लागते. त्यानंतर डबीतील तेलाची पातळी पाहावी.

पुष्कळदा दाबूनही लिव्हर मऊ लागली, तर तेलात हवा शिरली असण्याचा संभव असतो. ती गाडी रस्त्यावर आणू नये. जाणत्या मिस्त्रीला घरी बोलवावे. लिव्हर टणक झाली असली, तरी नव्या पॅडांची पकड प्रथम कमीच असते. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, हलके ब्रेक लावीत काही किलोमीटर गाडी चालवावी आणि मगच महामार्गाकडे वळावे.