बाँडवरची फारकत आणि मुलाचा ताबा

गेल्या वर्षी एका वस्तीतल्या बैठकीला मला बोलावलं होतं. नवरा-बायको तीन वर्षं वेगळे राहत होते. दोन्हीकडचे नातेवाईक थकले होते. स्टॅम्प पेपर आणलेला, भांड्यांचं आणि दागिन्यांचं लिहून झालेलं. मग एक वडीलधारे काका म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या, शेवटचा मुद्दा तुम्हीच लिहा. पोरगं बापाकडं राहील, आईचा त्याच्यावर कसलाही हक्क राहणार नाही." सात वर्षांचा तो मुलगा दारात लोकांच्या चपला जोडीनं लावत बसला होता. मी लिहायला नकार दिला. काका चिडले. त्या दिवशी गोंधळात जे तुटक सांगितलं ते इथे नीट सांगते, कारण अशा कागदांवर साक्षीदार म्हणून सह्या करणारे बहुतेक वेळा आपले तरुण कार्यकर्तेच असतात.

नोटरी केलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. नावात 'हिंदू' असलं तरी हिंदू विवाह कायदा, १९५५ कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे. (स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी आहे, पण आज कोर्टात चालतो तो हाच.) या कायद्यात रूढीनुसार घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. १९५६ साली ज्या रूढींकडे पाठ फिरवली, त्यातलीच एक आपली म्हणून कोर्टात सिद्ध करायची, याचा विचार बैठकीतल्या कुणीच केलेला नसतो.

मुलाच्या बाबतीत तर त्या कागदाला आणखी कमी किंमत आहे. अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम १३ नुसार मुलाचं कल्याण हाच सर्वांत वरचा निकष. आईबापांनी आपसात काहीही लिहून घेतलं असलं तरी कोर्ट मुलाचं हित पाहूनच ठरवतं. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं कलम ६ सांगतं. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असे शब्द आहेत. बैठकीत बापाकडची मंडळी नेमकं हेच सांगतात. पण गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं की 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप मुलाकडे लक्षच देत नसेल, तर तो जिवंत असतानाही आई पालक ठरू शकते. मूल कळत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याचंही ऐकून घेऊ शकतात. आपल्या बैठकीत मात्र त्याला "जा रे, बाहेर खेळ" म्हणतात.

पोटगीचं असंच. सुटका लवकर व्हावी म्हणून आई "मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून देते. पण तो पैसा मुलाच्या हक्काचा असतो, आईला तो सोडून देता येत नाही. आणि पोटगी व भेट यांचा सौदा करू नये. पैसे आले नाहीत म्हणून भेट बंद, भेट बंद म्हणून पैसे बंद, या चक्रात मी तीन-तीन वर्षं बापाला न भेटलेली मुलं पाहिली आहेत. यशिता साहू खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क मानला. आईबाप वेगवेगळ्या गावी असतील तर ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावं, असंही म्हटलं.

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट अडते, तिच्याबद्दल वकीलही फारसं बोलत नाहीत : कागदपत्रं. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी साधारणपणे बापाकडचे पुरावे लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे. आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल हे सगळं बापाच्या घरच्या पेटीत. भांडण झालं की ती पेटी उघडत नाही, आणि आईजवळ वाढलेल्या मुलाची दहावी-बारावीनंतर शिष्यवृत्ती अडकते. म्हणून ताब्याच्या अटी ठरवताना 'सर्व दाखल्यांच्या प्रती दोघांकडे राहतील' हे वाक्य घालून घ्या. शाळा कोणती, आजारपणात निर्णय कोण घेणार, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, आजी-आजोबांना कधी भेटायचं, हेही लिहा. कलम २६ खाली कोर्टाने दिलेले आदेश परिस्थिती बदलली की बदलून मागता येतात. आज हरलो म्हणजे मूल कायमचं गेलं असं नसतं. ही भीती गेली की निम्मं भांडण उतरतं, हा माझा अनुभव.

अर्थात सगळीकडे 'दोघांनी मिळून' चालत नाही. जिथे मारहाण झाली आहे तिथे समेटाचा आग्रह धरू नका. आधी आई आणि मूल सुरक्षित हवेत. भेट द्यायचीच तर कोर्टाच्या देखरेखीखाली मागता येते.

खर्चाचं विचाराल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्यात येतात, म्हणजे बापालाही मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. ताब्याचा अर्ज मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात.

त्या मुलाच्या आईबापांनी पुढे परस्परसंमतीने अर्ज केला. तो आईकडे राहतो, सुट्टीत बापाकडे जातो. उताऱ्याची प्रत मात्र अजून आलेली नाही. काकांनाच त्या कामाला लावलंय.