कनकासवाची बाटली देण्यापूर्वी

तमकश्वासाचा रुग्ण आजकाल आपल्याकडे क्वचितच रिकाम्या हाताने येतो. त्याच्या पिशवीत एखाददुसरा 'पंप' आणि काही गोळ्या असतातच. तरीही विचारल्यावर "औषध काही चालू नाही" असे उत्तर मिळते, कारण पंपाला तो औषध मानीत नाही.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना आम्ही कनकासव दिले. तिसऱ्या दिवशी त्यांची मूत्रप्रवृत्ती थांबली व रुग्णालयात नळी घालावी लागली. ते रोज टायोट्रोपियम ओढीत होते आणि त्यांची पौरुषग्रंथीही वाढलेली होती, हे आम्हांस मागाहून कळले. आम्ही विचारले नव्हते, दोष आमचा.

कनकासवातील कनक म्हणजे धत्तूर. त्यातील अ‍ॅट्रोपीनवर्गीय द्रव्ये श्वासनलिकांचा संकोच सोडवितात. इप्राट्रोपियम हे अ‍ॅट्रोपीनपासूनच सिद्ध केलेले आहे व टायोट्रोपियम त्याच कुळातील. म्हणजे दोन वेगळी औषधे देत आहोत असे वाटत असताना आपण एकच कर्म दुप्पट करीत असतो. मुखशोष, धूसर दृष्टी, छातीत धडधड, मलावष्टंभ व मूत्रावरोध ही त्याची लक्षणे होत. काचबिंदूच्या रुग्णास धोका अधिक. धत्तूर हा औषध नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये असल्याने अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. औषधालयचालकांनी ती केवळ छापील ओळ समजू नये. ग्राहक नुसते नाव सांगून बाटली मागू लागल्यास आधी पंपाची चौकशी करावी.

पिप्पलीचेही तसेच. तिच्यातील पायपरिनमुळे थिओफिलिनची रक्तातील मात्रा वाढते, असे निरोगी व्यक्तींवरील अभ्यासात १९९१ साली दिसले. थिओफिलिन घेणाऱ्यास मळमळ, कंप वा अनिद्रा जाणवू लागल्यास हे आठवावे. सितोपलादि चूर्णाच्या एकतीस भागांत सोळा भाग खडीसाखर असते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी रक्तशर्करा वाढलेल्या मधुमेह्याच्या बाबतीत याचा विचार व्हावा.

स्टेरॉइड मात्र आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद होता कामा नये. दीर्घकाळ गोळ्या घेतलेल्याची अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असते. मात्रा मूळ चिकित्सकाच्या सल्ल्यानेच क्रमाने उतरवावी.

चरकांनी उपस्थात्यास चिकित्सेच्या चार पादांत स्थान दिले आहे. घरी ते काम बहुधा सून किंवा मुलगा करतो, म्हणून त्यासच समोर बसवून शिकवावे. द्रवफवाऱ्याचा पंप प्रथम हलवावा, श्वास पूर्ण सोडून मग सावकाश आत ओढावा व सुमारे दहा सेकंद रोखावा. स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकून टाकावे, अन्यथा तोंडात पांढरा थर धरतो. यंत्रात घालून ओढण्याची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत!

रुग्णास एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा तो गुंगीत जात असेल, तर चूर्ण-आसवाचा विचार न करता त्यास प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे, व जाताना पिशवी सोबत द्यावी.