तळ्यांतील मात्स्यन्याय

मोठा मासा लहान माशास गिळतो, या सृष्टिक्रमावरून आपल्या शास्त्रकारांनीं अराजकास ‘मात्स्यन्याय’ असें नांव दिलें. दंडधर राजा नसेल तर बलवान दुर्बलास ग्रासील, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. राज्यशास्त्राच्या दृष्टीनें तें यथार्थच आहे. परंतु ज्या तळ्यावरून हा दृष्टांत घेतला, त्या तळ्यांत मोठा मासा नाहींसा झाला म्हणजेच अराजक माजतें, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवलाची वाटेल. आमच्या पुष्कळ वाचकांच्या पाटावर मासळी येत नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी पालघर, बोईसर, तारापूर या बाजूस ज्यांचीं घरें किंवा वाड्या आहेत, त्यांना गांवचें तळें कांहीं परकें नाहीं.

या भागांतील गोड्या पाण्याचा खरा शिकारी म्हणजे मरळ. ही मोठी चिवट. पाण्यावर तोंड काढून ती हवा घेते, आणि तळें आटलें तरी ओल्या चिखलांत दिवस काढते. पावसाळ्यांत उथळ, गवताळ पाण्यांत तिचीं तांबूस पिलें थव्यानें फिरतात व आईबाप खालून राखण करतात. याच वेळीं तीं हमखास सांपडतात. आणि राखणदार गेले म्हणजे पिलांचा फडशा पडण्यास वेळ लागत नाहीं. मरळीस भावही चांगला येतो. तेव्हां तळ्यांतून प्रथम नाहींशी होते ती तीच.

पूर्वीं यामुळें फारसें बिघडत नसे. परंतु १९५२ सालीं आफ्रिकेंतील तिलापिया मासा हिंदुस्थानांत आणला गेला. आपल्या बाजारांत त्यास चिलापी म्हणतात. मादी अंडीं तोंडांत धरून उबविते, दोन-तीन महिन्यांचें पिलूं स्वतःच प्रजा करूं लागतें, आणि वर्षांतून कित्येक वेळां वीण होते. तळ्यांतील अन्न तर ठरलेलें! खाणारीं तोंडें दसपट झालीं म्हणजे कोणाचेंच पोट भरत नाहीं, व सारें तळें बोटभर लांबीच्या खुरट्या मासळीनें भरून जातें. त्यांत सोडलेल्या रोहू-कटल्याच्या वांट्यासही उपासच येतो. फिलिपाइन्समध्यें अशा तळ्यांत मरळ सोडून पाहण्यांत आली; तिनें पिलें खाल्लीं आणि उरलेली चिलापी चांगली पोसली.

शिकारी किती असावे, याचा हिशेब अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत स्विंगल या शास्त्रज्ञानें केला. पुष्कळ तळ्यांतील मासळी वजन करून त्यानें १९५० सालीं असें मांडलें कीं, भक्ष्य माशांचें एकूण वजन शिकारी माशांच्या तिपटीपासून सहापटीपर्यंत असेल तर तळें उत्तम चालतें. त्याचे मासे निराळे, हवा निराळी. तो आंकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावूं नये. परंतु दोन्ही बाजूंस मर्यादा आहे, हें तत्त्व येथेंही लागू पडतें. शिकारी फाजील झाले तर लहान मासळी संपते, आणि डासांच्या अळ्या खाणारें कोणी उरत नाहीं. हा त्रास मग मासळी न खाणाऱ्या घरांतही पोंचतो.

परका शिकारी आणून सोडणें हा मात्र उपाय नव्हे. व्हिक्टोरिया सरोवरांत सोडलेल्या नाईल पर्चनें तेथील लहान माशांच्या कित्येक जाती नामशेष केल्या. आपल्याकडे आफ्रिकन मांगुरावर २००० सालापासून बंदी आहे, ती योग्यच आहे.

वलगणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर अंडीं घालण्यास मासे ओढ्यांतून, भातखाचरांतून वर चढतात, आणि वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबें त्या दिवसांची वाट पाहत असतात. त्यांच्या घरांत तेव्हां धान्य संपत आलेलें असतें. चार दिवस पोटभर खाण्यास मिळालें तर त्यांस दोष देणें आम्हांस रुचत नाहीं. पण ओढ्याच्या या कांठापासून त्या कांठापर्यंत बारीक जाळें लावून बाजारासाठीं सारी वीण गोळा करणें ही गोष्ट वेगळी. समुद्रांत जून-जुलैची बंदी आपण मान्य केली आहे. ओढ्याचा निम्मा तरी पाट मोकळा ठेवण्यास कोणाची हरकत असावी?

सूर्या नदीवरील धामणीसारख्या मोठ्या जलाशयांत निराळी काळजी घ्यावी लागते. तेथें शिकारी असतातच. म्हणून रोहू-कटल्याचें बीज निदान चार इंचांचें करून सोडावें. त्याहून लहान बीज म्हणजे पैसे देऊन घातलेलें शिकाऱ्याचें जेवण होय.

गांवतळ्याची परीक्षा सोपी आहे. वैशाखांत पाणी उतरलें म्हणजे कांठाशीं लहान जाळें दोन-चार ठिकाणीं ओढून पाहावें. बोटभर पिलें मुळींच आलीं नाहींत तर कांहीं मरळी काढाव्या. एकाच मापाची खुरटी मासळी टोपलीभर आली आणि मोठी एकही दिसली नाहीं, तर बारीक मासळी हवी तितकी काढावी, व मरळीस दोन पावसाळे हात लावूं नये.