घोडीच्या नळ्या

पहाटे ५:१५
फुलंब्री. घोडी लिंबाखाली बांधलेली. मालक उकिडवे बसतात आणि पुढच्या पायांच्या नळ्यांवरून हात फिरवतात. गरम आहे का? सूज? डाव्या पायाला आतून सोललंय. परवाच्या वरातीत तिचाच उजवा नाल लागला. गुडघ्याखाली घोड्याला मांस नसतं. कातडी, नस, हाड, एवढंच. नस दुखावली तर अख्खी लग्नसराई घोडी दारात उभी.

७:००
खरारा. पाणी. कडबा, मूठभर भिजवलेला हरभरा. नालबंद येतो, नालाची आतली कड कानशीने घासतो. शंभर रुपये.

१०:००
घोडीच्या नळ्यांना बूट आणायचेत. माप सुतळीवर: नळीच्या घेराला एक गाठ, गुडघ्याखालून खालच्या सांध्यापर्यंत दुसरी. सुतळी खिशात, मालक सिल्लोडकडून आलेल्या एसटीत.

१२:१५
छत्रपती संभाजीनगर. दुकानदार टिकल्या लावलेली लाल जोडी पुढे करतो.
"मामू, झुलीला शोभंल."
"शोभेला झूल आहे की. पायाला हवा लागू द्या."
जाड रबरी स्पंजाची जोडीही ते बाजूला ठेवतात. आत पाय तापतो, आणि तापलेली नस लवकर दुखावते. मग एक कानपुरी जोडी. आतल्या बाजूला कडक पट्टी, अस्तराला भोकं. मालक अस्तर उलटं करून शिवण बोटाने तपासतात. टोचणारी शिवण म्हणजे रोजची जखम. सुतळी लावतात. बसते. चौदाशे सांगितलेले, साडेबाराशेला तुटतं. वरातीचे चार हजार. त्यातून घोडी नेणाऱ्या पिकअपचे बाराशे, लगाम धरणाऱ्या पोराचे पाचशे. चारही पायांचे बूट आज परवडत नाहीत. पुढची जोडी आधी घेतली, हे मला पटतं. मार तिथंच लागलाय.

४:००
पाय धुऊन कोरडे पुसले. बुटाखाली वाळूचा कण राहिला तरी कातडी सोलते. सोललेल्या जागेवर हळद-तेल, वर मऊ सुती कापड. पट्ट्यांची टोकं बाहेरच्या अंगाला, मागे वळलेली. बोट जेमतेम आत जातं. घोडी आधी पाय झटकते, वीसेक पावलांनी सरळ चालते. पायातले चाळ आज गळ्यात.

७:३०
वरात. डांबर अजून गरम. पोरं नाचत घोडीच्या पायांत येतात. फटाका फुटतो, घोडी आडवी सरकते आणि नाल बुटावर आदळतो. आवाज मलाही ऐकू येतो. लगाम धरलेला पोरगा तिला रस्त्याच्या कडेला घेतो.

१०:४५
नवरदेव उतरला. मालक आधी बूट सोडतात, मग झूल. नळ्या घामेजलेल्या, सूज नाही. दोन बादल्या पाणी पायांवर. कडक पट्टीवर चरा पडलाय. पोराच्या हातात पाचशे. मग सुतळी पुन्हा बाहेर येते. मागच्या नळ्या लांब असतात, त्यांच्या गाठी वेगळ्या. दोन वराती नीट झाल्या की ती जोडी.