सुट्टी वर्गांना, ग्रंथालयाला नव्हे

अमेरिकेतल्या विद्यापीठांचा 'स्प्रिंग ब्रेक' म्हटलं की लोकांना फ्लोरिडाचे समुद्रकिनारे आठवतात. १९६० साली 'व्हेअर द बॉइज आर' हा चित्रपट आला आणि मार्च उजाडला की पोरांचे लोंढे फोर्ट लॉडरडेल गावाकडे धावू लागले. पंचवीसेक वर्षांनी त्या गावानं कडक नियम करून ही गर्दी हटवली, मग ती दुसऱ्या किनाऱ्यांवर गेली. सुट्टी असते ती वर्गांना. कचेऱ्या, प्रयोगशाळा, ग्रंथालयं चालूच असतात, आणि तिथं नोकरी करणाऱ्यांच्या वाट्याला वर्षातला सगळ्यात शांत आठवडा येतो.

मी इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. शिकागोच्या दक्षिणेला अर्बाना आणि शॅम्पेन ही जुळी गावं, भोवती नजर पोचेल तिथवर मका-सोयाबीनची सपाट शेती. जानेवारीत सुरू झालेलं सत्र मार्चच्या मध्यावर आठवडाभर थांबतं. वारा अजून बोचरा असतो, पण हिरवळीत क्रोकसची जांभळी फुलं दिसू लागलेली असतात. बस कमी धावतात. ग्रीन स्ट्रीटवरच्या खाणावळींत बसायला जागा मिळते. काही वर्षी गुढीपाडवाही याच आठवड्यात येतो.

मागं राहतात ते बहुतेक परदेशी विद्यार्थी. चार दिवसांसाठी भारतात जाऊन येणं कुणाला परवडणार? शिवाय विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. अधिकृत सुट्टीत ती मर्यादा उठते. त्यामुळे आमच्याकडे पुस्तकं लावणारी मुलं या दिवसांत दिवसभर थांबतात, आणि एरवी मागं पडणारं एक काम हाती घेता येतं: कपाटं वाचणं. म्हणजे पुस्तकं नव्हे, त्यांच्या कण्यावरचे क्रमांक एकेक करून वाचत जायचं आणि चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक आपल्या जागी आणायचं. इथं एक कोटी चाळीस लाखांहून अधिक ग्रंथ आहेत. एवढ्या पसाऱ्यात दोन खण पलीकडे सरकलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. हे काम घाईनं होत नाही, म्हणून मला ते मनापासून आवडतं.

आमच्याकडचा मोठा संग्रह अजून ड्यूई दशांश पद्धतीनं लावलेला आहे. त्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. अलीकडे ८९१.४४ वर बंगाली, पलीकडे ८९१.४७ वर गुजराती. ठेंगण्या छताच्या त्या अरुंद वाटेत लातूरकडचा एक विद्यार्थी माझ्याबरोबर काम करत होता. पिवळ्या पडलेल्या कादंबऱ्या, दिवाळी अंक बघून तो म्हणाला, "काकू, हे सगळं इथं आणलं कुणी?"

"धान्यानं," मी म्हटलं.

ते खरंच आहे. १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० या कायद्याखाली अमेरिका भारताला धान्य देत असे, आणि त्याची किंमत भारत रुपयांत चुकवत असे. ते रुपये भारतातच साठत गेले. त्यातल्या काही पैशांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२ पासून दिल्लीतल्या आपल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली नवी पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. कोण लेखक थोर, कोण किरकोळ, याची फारशी निवड न करता घेतलेली ती पुस्तकं आज अनमोल ठरली आहेत. आपल्याकडे रद्दीत गेलेलं पुष्कळ काही त्यामुळे टिकलं. रुपयांचा तो साठा कधीच संपला. आता विद्यापीठं स्वतः पैसे भरतात, पण दिल्लीचं कार्यालय अजून पुस्तकं पाठवतं.

"म्हणजे मिलोच्या बदल्यात?" त्यानं विचारलं. त्याची आजी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल अजून बोलते म्हणे. घशाखाली उतरायची नाही, पण दुष्काळात तीच होती.

दुपारी डबा घेऊन आम्ही मॉरो प्लॉट्सकडे गेलो. १८७६ पासून इथं मक्यावर प्रयोग चालू आहेत; अमेरिकेतलं हे सगळ्यात जुनं प्रायोगिक शेत. १९६० च्या दशकात शेजारी नवं ग्रंथालय बांधायचं ठरलं, तेव्हा त्याची सावली पिकावर पडू नये म्हणून ते चक्क जमिनीखाली बांधलं. पेरणीला अजून महिना-दीड महिना होता, रान काळंभोर पडलेलं. तो वाकून ढेकूळ बघत राहिला. कापसाच्या रानासारखी माती आहे, म्हणाला.

त्या दिवशी परतल्यावर आम्ही नाटकांच्या रांगेपर्यंत पोचलो. कागद तुटायला लागलेली पुस्तकं वेगळी काढून दुरुस्तीकडे पाठवली.

जुनं मराठी पुस्तक शोधणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. आमची ग्रंथसूची जगात कुठूनही बघता येते. मात्र जुन्या मराठी पुस्तकांच्या पुष्कळ नोंदी फक्त रोमन लिपीत आहेत. देवनागरीत नाव टाकून काही हाती लागलं नाही, तर तेच नाव रोमन अक्षरांत लिहून पुन्हा शोधा. पुस्तक इथं असण्याची बरीच शक्यता आहे.